खाण संपली, खड्डा कोणाच्या नावावर?



सिंधुदुर्गात खाण सुरू होताना गाव उठते. मोर्चे निघतात, जनसुनावणीत आवाज चढतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. खाण बंद होताना मात्र कुणी काही बोलत नाही. डंपर जातात, कंपनीची पाटी गंजते आणि मागे राहतात पाण्याने भरलेला खड्डा, मातीचा डोंगर आणि त्या डोंगराखालची वाडी. मग पाच-दहा वर्षांनी एखादा नकाशा येतो. त्यात खड्ड्याच्या जागी 'तलाव' लिहिलेले असते, डोंगराच्या जागी 'उद्यान' आणि वाडीच्या जागी काहीच नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. नासलेल्या जमिनीचे पुढे काय करायचे, हे ठरवण्याचा पहिला हक्क ती नासताना जे तिच्या पायथ्याशी राहत होते त्यांचा आहे. सभेला बोलावून चहा पाजला आणि रजिस्टरवर सही घेतली, म्हणजे तो हक्क मिळाला असे होत नाही. कागद, पैसा आणि नकार या तीन गोष्टी हातात असतील, तरच त्याला हक्क म्हणायचे. बाकी सगळा देखावा.

आधी आपला जिल्हा बघा. वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीत अनेक दशके लोहखनिज निघाले आणि तिथल्याच बंदरातून बाहेर गेले. रेडीतच पिग आयर्नचा कारखाना उभा राहिला, आधी उषा इस्पातचा, मग टाटा मेटॅलिक्सचा, आणि तोही बंद पडला. दोडामार्ग तालुक्यात कळणे येथे गावाचा विरोध असताना मायनिंग सुरू झाले. जुलै २०२१ मध्ये त्या खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखलाचा लोंढा शेतांत, घरांत घुसला. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्याला औषध नाही. आमच्या मालवणच्या बाजूला लोहखनिज नाही म्हणून सुटलो असे नाही. चिरेखाणींचे उघडे चौकोनी खड्डे कातळावर जागोजाग दिसतात. चिरा निघाला की मालक पुढच्या सड्यावर, आणि खड्डा पावसाच्या पाण्याने भरून गावातल्या पोरांची वाट बघत.

खाण मागे काय ठेवते, हे नीट समजून घ्या. लोहखनिजापर्यंत पोचायला वरची माती आणि निकामी दगड काढून बाजूला ढीग करावा लागतो. एक टन खनिजासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट माती बाहेर येते. त्या ढिगावर झाड नसते, आणि कोकणातला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. दर पावसाळ्यात ती माती व्हाळात उतरते, व्हाळातून भाताच्या कुणग्यांत पसरते. बारीक गाळाचा थर बसला की जमीन श्वास घेत नाही, रोप धरत नाही. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी उपसावे लागते, त्या उपशाने आसपासच्या विहिरी खाली जातात. खाण बंद झाली, उपसा थांबला की खड्डा भरतो. ते पाणी निळे-हिरवे, सुंदर दिसते. त्यात लोह किती, मँगनीज किती, हे डोळ्यांना दिसत नाही.

आता प्रश्न येतो 'लोक' कोण? सरकारी भाषेत बाधित म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला. कोकणातला सातबारा आपल्याला माहीत आहे. एका गुंठ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली. तरीही मोबदल्याची नोटीस त्यांनाच जाते. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नांगरणी-लावणी केलेल्या, सड्यावरून लाकूडफाटा आणि गवत आणणाऱ्या, व्हाळात मासे-कुर्ल्या धरणाऱ्या बौद्ध, चर्मकार, धनगर कुटुंबाचे नाव कुठेच नसते. धूळ मात्र सातबारा बघून बसत नाही.

हे आपोआप झालेले नाही. कोकणात जमीन कुणाकडे राहिली याचे उत्तर खोतीत आहे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच कोकणासाठी. ज्यांना जमीन धरू दिली नाही, त्यांनाच आज 'तुमची जमीन कुठे आहे?' असे विचारून सभेबाहेर ठेवायचे, ही जुनीच चाल आहे. गंमत म्हणजे कायदा या चालीच्या बाजूने नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या शब्दात भूमिहीन शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर यांनाही धरले आहे. खाणबाधितांसाठीच्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने तीच व्याख्या घेतली आहे. म्हणजे आपला हक्क कागदावर आहे. तो बजावला जात नाही.

मुंबईत हे आपल्याच माणसांवर घडून गेले आहे. गिरण्यांमध्ये राबायला सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून गेलेल्या चाकरमान्यांत आपलेही होते. गिरणी चालू असताना विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मग गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने जमिनीचे तीन वाटे सांगितले. एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि फक्त रिकाम्या जमिनीचाच वाटा धरायचा असे ठरले. शेडखालची सगळी जमीन मालकाच्या बाजूला गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणी चालू असताना विणकाम खात्याबाहेर, गिरणी विकताना हिशेबाबाहेर. जागेचे पुढे काय होणार हे जो ठरवतो, तोच जागेचा खरा मालक असतो. हा धडा आपण गिरणगावात शिकलो आहोत.

नासलेल्या जमिनीच्या बाबतीत या धड्याला आणखी एक धार आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जमीन किती साफ करायची, हे तिचा पुढचा वापर काय यावर ठरते. शेती किंवा वस्ती करायची तर मातीत विषाची मर्यादा कडक. गोदाम, पार्किंग, कारखाना करायचा तर मर्यादा सैल. म्हणजे 'इथे काय करायचे?' हा प्रश्न दिसतो नकाशाचा, पण असतो विषाचा. ज्याने वापर ठरवला, त्याने किती विष मागे ठेवायचे तेही ठरवले. तामिळनाडूत कोडाईकनालला हिंदुस्थान लिव्हरचा पारा वापरून थर्मामीटर बनवणारा कारखाना होता. २००१ साली पाऱ्याची फुटकी काच भंगारात सापडली आणि कारखाना बंद झाला. माजी कामगारांशी समझोता व्हायला २०१६ उजाडले. ५९१ जण आणि पंधरा वर्षे. जमिनीच्या सफाईचे भांडण मात्र एका आकड्यावर अडले, एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा चालेल की नाही. स्थानिक संघटनांचे म्हणणे होते की ही पातळी फार ढिली आहे. बघा, लढाई कुठे येऊन थांबते. मोर्चाच्या घोषणेत नाही, आकड्यात. त्या आकड्याच्या खोलीत आपले कोण बसलेले असते?

आपल्या जिल्ह्यात तर वापराचे उत्तर आधीच तयार असते, पर्यटन. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर. खड्डा? बोटिंग. डंप? व्ह्यू पॉइंट. आमचा पर्यटनाला विरोध नाही. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर अनेक घरे त्यावर चालतात. पण पर्यटकाला दोन तास पाण्याकडे बघायचे असते आणि वाडीला वर्षभर ते पाणी प्यायचे असते. दोघांसाठी सफाईचा मापदंड एक असू शकत नाही. वाडीचाच मापदंड धरला पाहिजे.

यावर कायदा काय म्हणतो? जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. देशात १०३ दूषित स्थळे ओळखली गेली होती, आणि त्यांपैकी जेमतेम सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. ही अवस्था बघता नियम आले हे चांगलेच. ज्याने विष टाकले त्याने खर्च द्यावा, हे तत्त्व त्यात आहे. पण त्यातून काय वगळले ते वाचा. किरणोत्सारी कचरा, समुद्रातले तेल, कचराभूमी आणि खाणकाम. कारण काय, तर त्यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. म्हणजे रेडी-कळणेचा खड्डा निव्वळ खाणकामाचा ठरला की या नियमांच्या दारातूनच परत फिरतो.

मग तो वेगळा कायदा काय देतो? खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७. खाण बंद होण्याआधी कंपनीने अंतिम बंद आराखडा द्यायचा, नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोने तो मंजूर करायचा. या आराखड्याला ग्रामसभेची संमती लागत नाही. आराखड्याप्रमाणे काम होईल याची हमी म्हणून कंपनी रक्कम बांधून ठेवते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर यांत्रिक, मोठ्या खाणींसाठी ती हेक्टरी पाच लाख रुपये आहे. हिशेब करा. एका हेक्टरात दहा हजार चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला पन्नास रुपये. खड्डा तीस मीटर खोल असेल तर घनमीटरला पावणेदोन रुपयेही पडत नाहीत. या पैशात एक घमेले माती उचलून पुन्हा टाकायची मजुरी तरी सुटेल का? आराखडा मोडून हमीवर पाणी सोडणे हेच कंपनीला स्वस्त पडेल, अशी ही व्यवस्था आहे. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांमध्ये अट घालायला सांगितले, की खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत-चारा उगवेल अशी ती करून द्यावी. आपल्या जिल्ह्यातल्या किती खड्ड्यांच्या काठावर हे गवत दिसते, ते जाऊन बघा.

'पण जनसुनावणी असते ना?' असते. पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे खाण सुरू करण्याआधी असते, बंद करताना नसते. तेव्हाही मराठीत मिळतो तो सारांश. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत. आणि ग्रामसभेचे म्हणाल, तर पेसा कायद्याचे बळ अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आहे, सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्रच नाही. त्यामुळे इथल्या ग्रामसभेचा ठराव म्हणजे विनंती अर्ज. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या पंचवीस गावांचे बघा. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हापासून त्या गावांना संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण देण्याची चर्चा चालू आहे. अखेर मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की चार महिन्यांत अधिसूचना काढा.

त्यात आपल्या गावचे आणखी एक सत्य. ग्रामसभा सकाळी पंचायतीत भरते, निर्णय आदल्या रात्री देवळाच्या सभामंडपात होतो. बारापाच मानकरी जिथे बसतात तिथे आपल्या वाडीला बसायला जागा नाही आणि आपल्याला तिथे बसायचेही नाही. म्हणूनच 'ग्रामसभेला सर्वाधिकार द्या' ही नुसती मागणी आम्हाला अपुरी वाटते. खेडे म्हणजे काय, याबद्दल बाबासाहेबांनी संविधान सभेत जे बजावले होते ते आपण विसरता कामा नये. गावाला अधिकार हवा, पण गावात वाडीला स्वतंत्र आवाज हवा.

हे होऊ शकते का? झाले आहे. १९८२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने पीसीबी या विषारी रसायनाने भिजलेली माती पुरायला वॉरेन काउंटी निवडली. गरीब, बहुसंख्य काळ्या लोकांची. लोक ट्रकसमोर रस्त्यावर झोपले, पाचशेहून जास्त अटका झाल्या. माती तरीही पुरली गेली. पण लोक घरी बसले नाहीत. नव्वदच्या दशकात त्यांनी सरकारला रहिवासी आणि अधिकारी यांचा संयुक्त गट नेमायला लावला आणि त्या गटाला स्वतःचा शास्त्रज्ञ सल्लागार मिळवून दिला. आकड्यांची भाषा आता त्यांच्या बाजूनेही बोलू लागली. २००३ मध्ये ती माती जागच्या जागी निर्विष झाली. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य सांगितले होते. ते साम्य आजही कामाचे आहे.

आणि उलटे उदाहरण भोपाळचे. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला, तिथल्या लोकांचा विरोध मोडून जाळला आणि 'भोपाळ स्वच्छ' अशी हेडलाइन आली. कारखान्याच्या आवारातली लाखो टन दूषित माती आणि वस्त्यांखालचे पाणी तिथेच आहे. एका गरिबाच्या दारातली घाण दुसऱ्या गरिबाच्या दारात नेणे म्हणजे सफाई नाही.

आता आपल्यातल्या काही साथींशी बोलायचे आहे. ते म्हणतात, पर्यावरण हा पोटभरल्यांचा विषय. आपले प्रश्न शिक्षण, नोकरी, अत्याचार. झाडे-पक्षी वाचवणाऱ्या बऱ्याच मंडळींना वाडी दिसत नाही, हे खरेच आहे. त्यांच्या छायाचित्रात माणूस आला तर चित्र बिघडते. पण म्हणून विषय त्यांना देऊन टाकायचा? आपली चळवळ उभी राहिली ती पाण्यावर. १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही ठराव केला होता. कागदावर सगळे होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा कागद खरा झाला. आज वाडीच्या विहिरीत खाणीचे पाणी झिरपत असेल, तर हा महाडचाच प्रश्न आहे. तेव्हा पाण्याला हात लावू देत नव्हते. आज पाणी हात लावण्याजोगे ठेवत नाहीत.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. खाण बंद करा म्हणणारे वाडीच्या पोटावर मारतात, असे कंपनीचे ठेकेदार सांगतात. आम्ही विचारतो, खाणीत आपली पोरे कशावर होती? डंपरवर, ठेक्यावर, रोजंदारीवर. खाण बंद झाली त्या दिवशी त्यांना काय मिळाले? उलट डंपाच्या उतारांना पायऱ्या करणे, गाळ काढणे, झाडे लावून जगवणे, कुणगे पुन्हा लागवडीला आणणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि ते यंत्रापेक्षा माणसाच्या हाताने चांगले होते. त्या कामावर पहिला हक्क खाणीच्या माजी कामगारांचा आणि भूमिहीनांचा.

पैसा कुठून? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः उतरले. पुढच्याच वर्षी कोळसाखाण कामगार कल्याण निधी आला. निघणाऱ्या कोळशावर उपकर, आणि तो कामगारांच्या घर-पाणी-आरोग्यावर खर्च. खनिजातून श्रमणाऱ्याचा वाटा वेगळा काढायचा, हा विचार आपल्याकडे तेव्हाच आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. लिलावातल्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या १० टक्के आणि जुन्या पट्ट्यांच्या ३० टक्के एवढी रक्कम त्यात जमा होते. पिण्याचे पाणी, आरोग्य, पर्यावरण यांवर आधी खर्च करायचा, असा नियम आहे. हा पैसा आपला आहे. तो चौकातल्या हायमास्टवर आणि पेव्हर ब्लॉकवर जातो की वाडीच्या नळावर, हे विचारणे आपले काम.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या हातात घ्याव्यात.

१. आपल्या गावातल्या प्रत्येक खाणीचा बंद आराखडा, बांधलेली हमी रक्कम आणि पाहणी अहवाल माहिती अधिकारात मागवा. मिळालेले मराठीत करून विहारात सर्वांसमोर वाचा.

२. विहिरी, व्हाळ, खड्डा आणि शेतमातीची तपासणी पावसाआधी आणि पावसानंतर व्हावी. तज्ज्ञ वाडीने निवडावा, खर्च खनिज प्रतिष्ठानाने द्यावा.

३. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. त्याच धर्तीवर बाधित वाडीची सभा आधी व्हावी, आणि तिने नाकारलेला वापर ग्रामसभेत मंजूर होऊ नये.

४. पुढे काहीही बांधायचे असो, सफाईचा मापदंड वस्ती आणि शेतीचाच हवा.

५. दूषित माती दुसऱ्या गावात न्यायची तर त्या गावाची संमती आधी हवी.

६. खाणकामाला दूषित स्थळांच्या नियमांतून दिलेली सूट रद्द करा.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातीवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवर समतानगर आले, भीमनगर आले. चांगले झाले. पण पाटी बदलली म्हणून वाडी डंपाखालून हलली नाही आणि विहीरही बदलली नाही. समतानगर हे नाव खरे करायचे असेल, तर पुढचा नकाशा टेबलावर येईल तेव्हा त्याच्याभोवती आपली माणसे उभी पाहिजेत. त्यांच्या हातात तपासणीचा कागद पाहिजे आणि तोंडात 'नाही' म्हणण्याची ताकद पाहिजे.

जय भीम!